'आला, आली, आलं' आणि रशियन: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: पदवीच्या विद्यार्थ्यांना रशियन भाषा मराठीतून शिकता यावी, याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात तासिका तत्त्वावर रशियन शिकवते. गेल्या वर्षी भूतकाळाचा धडा चालू होता. फळ्यावर तीन रूपं लिहिली: प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो. आमच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती समजावायला दीड पान खर्ची पडलंय, कारण इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं. मी खडू खाली ठेवते न ठेवते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आला, आली, आलं ना मॅडम?" दीड पान तिथेच निकालात निघालं.

हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन आणि रशियनमध्येही तीनच. प्रथमा, द्वितीया आपण शाळेत घोकलेल्या असतात. रशियनच्या सहा विभक्त्यांना आपली मुलं बिचकत नाहीत. 'त्सार' (आपण ज्याला झार म्हणतो) यातला 'त्स' तर आपण 'चांगला' म्हणताना दिवसभर उच्चारतो. सगळंच सोपं आहे असं नाही. पायी जाण्याचं क्रियापद वेगळं, गाडीने जाण्याचं वेगळं. त्या जंगलात मीसुद्धा अजून चुकते.

"शिकून करायचं काय?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. नाशिकजवळच्या ओझरला आधी मिग आणि पुढे सुखोई-३० विमानं बांधली गेली, कुडनकुलमच्या अणुभट्ट्या रशियन बनावटीच्या आहेत, हे मी त्यांना सांगते. पण खरं उत्तर वैद्यकीयच्या मुलांकडे आहे. आपल्या राज्यातून दरवर्षी मुलं एमबीबीएससाठी रशियाला जातात, किर्गिझस्तान-कझाकस्तानला जातात. तिथेही रशियन चालते. वर्गात शिकवणं इंग्रजीतून होतं, पण वॉर्डातली आजीबाई इंग्रजी बोलत नाही. 'ग्द्ये बलीत?' म्हणजे कुठे दुखतंय, एवढं सगळ्यांनाच येतं. उत्तर आलं की गाडी अडते. 'कोल्येत' म्हणजे टोचतंय, 'नोयेत' म्हणजे मंद दुखत राहतंय, 'झ्झोत' म्हणजे जळजळतंय. इंग्रजीत याचं सरसकट 'पेन' होऊन बसतं. मराठी मुलाला हे भेद आईच्या तोंडून माहीत असतात, फक्त ते जोडून देणारं कोणी हवं. इथून सहा महिने शिकून गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला आता तिचे वर्गमित्र वॉर्डात पुढे उभं करतात.

भाषा न येण्याची किंमत २०२४ मध्ये आपण पाहिली. नोकरीच्या आमिषाने रशियाला गेलेले भारतीय तरुण सैन्यात भरती झाल्याचं उघड झालं. करार रशियनमध्ये होते, काय लिहिलंय ते कळलंच नाही, असं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं. तेव्हा "युद्ध चालू असताना रशियन कशाला?" असं मला कोणी विचारलं की मी म्हणते, म्हणूनच. भाषा शिकणं म्हणजे तिथल्या सरकारला पाठिंबा देणं नव्हे. तिथली बातमी कोणाच्या मध्यस्थीशिवाय वाचता येणं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इतिहास? पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, तेही त्यात आहे. जुन्नरपासून दोन-अडीच तासांवर इतिहासात एमए करणारी आमची मुलं हे इंग्रजी भाषांतरातून वाचतात! २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा उभा राहिला, फोटो सगळीकडे झळकले. अण्णा भाऊंच्या कथा रशियनमध्ये कशा उतरल्या आहेत हे तपासू शकणारे किती जण आपण तयार केले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परकीय भाषांच्या यादीत रशियनचं नाव आहे. प्रत्यक्षात मी शिकवलेल्या एका कॉलेजात ती एका सत्रापुरती दोन क्रेडिटची होती. लिपीची ३३ अक्षरं बसून मुलं वाचायला लागतात, तोवर परीक्षा. पुढच्या वर्षी संख्या भरली नाही म्हणून वर्गच बंद. तेव्हा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला सलग चार सत्रं ही भाषा घेता यावी, परदेशी एमबीबीएसला निघालेल्यांसाठी सहा महिन्यांचा वेगळा वर्ग असावा आणि शिकवणाऱ्यांना पूर्णवेळ पदं मिळावीत. तासावर पैसे घेणारा माणूस पुढच्या वर्षीचा विचार कसा करणार? (हे मी स्वतःबद्दलही म्हणते आहे, लपवत नाही.)

आणि एक पाठ्यपुस्तक हवं, मराठीतून. १९६३ मध्ये सोव्हिएत भाषाअभ्यासक काटेनिना यांनी मराठी व्याकरणाची रूपरेषा रशियनमध्ये लिहिली, मॉस्कोत छापली गेली. मी मात्र अजून मराठी मुलांना इंग्रजीच्या वळशाने रशियन शिकवते. अशा पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं मी वहीत लिहून ठेवली आहेत. भूतकाळाचा धडा 'आला, आली, आलं'नेच सुरू होतो. भेटीची वेळ कळवावी, वही घेऊन येते.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक रशियन शिक्षिका, पुणे