वेगालाही आखाडा हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्णकर्कश सायलेन्सर लावलेल्या दुचाकींवर होणाऱ्या कारवाईच्या बातम्या आपल्या अंकात वारंवार वाचतो. कारवाई योग्यच आहे. मात्र अशा गाड्या घेऊन फिरणारी काही पोरे उद्यमनगरातल्या माझ्या लेथवर येतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले. मध्यंतरी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा सायलेन्सरमधली जाळी काढून द्या म्हणून आला. मी नकार दिला. पण चेन किती सैल हवी हे त्याने अंगठ्याने दाबून दाखवले, तेव्हा याला गाडी कळते हे ध्यानात आले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९९२ साली जन्मलेला डार्सी वॉर्ड याच वयात स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीच्या खेळासाठी इंग्लंडला जाऊन किंग्ज लिन संघाकडून खेळत होता. २००९ साली क्रोएशियातील गोरिचान येथे, अवघ्या सतराव्या वर्षी, तो २१ वर्षांखालील जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी त्याने ते विजेतेपद राखले. स्पीडवेत चार स्वार मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात आणि मिनिटभरात शर्यत संपते. ५०० सीसीच्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या या गाडीला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतोच. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवून गाडी आवरायची असते. त्यासाठी डाव्या बुटाला पोलादी तळ बसवतात. उजव्या मनगटाला बांधलेली दोरी स्वार पडताच इंजिन बंद करते. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही दोरी फार मोलाची वाटते.

या खेळातली मुले एकदम ५०० सीसीवर बसत नाहीत. लहानपणी १२५ सीसीच्या गाडीवर, क्लबच्या ट्रॅकवर, जाणत्यांच्या नजरेखाली त्यांचा हात बसतो. आपल्याकडे वस्ताद पोराला थेट मैदानात उतरवत नाही, आधी जोर-बैठका काढून घेतो, तशीच ही रीत आहे.

खेळ जोखमीचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वॉर्डवर २०१४ मध्ये शर्यतीपूर्वीच्या मद्यचाचणीत दोषी आढळल्याने दहा महिन्यांची बंदी आली आणि परतल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट २०१५ मध्ये, पोलंडमधील झिएलोना गुरा येथे पडून तो कमरेखाली कायमचा अधू झाला. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तरीही जिथे मद्यचाचणी, कुंपण, हेल्मेट आणि डॉक्टर यांशिवाय शर्यत सुरूच होत नाही, त्या ट्रॅकची तुलना रात्रीच्या रंकाळा रस्त्याशी होऊ शकत नाही. रस्त्यावर तर ज्याचा काही संबंध नाही असा पादचारीही जिवाला मुकतो.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेत मैदान बांधले. त्याच शहरात महापालिका व जिल्हा क्रीडा विभागाने वस्तीपासून दूर सुमारे ३०० मीटरचा मातीचा बंदिस्त ट्रॅक, लहान इंजिनाच्या गाड्या आणि एक जाणता प्रशिक्षक एवढी सोय करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाड्यांचे सांगाडे व सुटे भाग करणारे हात उद्यमनगर आणि शिरोलीत आहेतच. असा ट्रॅक झाल्यास त्या मुलांच्या गाड्यांचे लेथवरचे काम मी विनामूल्य करून देईन.

आपला,
एक लेथचालक, उद्यमनगर, कोल्हापूर