वाटाण्याच्या वाफ्यातले फादर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला श्रद्धा आणि बुद्धीवरचा लेख वाचला, त्यात म्हटलंय की ख्रिस्ती माणूस डोकं चर्चच्या दारात ठेवूनच आत जातो, हे काही पटलं नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओवर चर्चने केला तो अन्यायच, त्याबद्दल वादच नाही. पण आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या ख्रिस्ती मठातले फादर ग्रेगोर मेंडेल बघा ना, प्रार्थना सांभाळून हा माणूस आठ वर्षं वाटाण्याच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढत बसला, दुसऱ्या झाडाचे पराग लावले, दाणे मोजले आणि १८६६ मध्ये निबंध छापून आनुवंशिकीचा, म्हणजे गुण एका पिढीतून पुढच्या पिढीत कसे उतरतात या शास्त्राचा, पाया घातला. बागेत जागा मठानेच दिली, व्हिएन्नाला शिकायलाही मठानेच पाठवलं! माझी मुलगी कॉलेजात हेच मेंडेल शिकवते आणि रविवारी मिस्सालाही जाते.

— एक वाचक, वसई