बाजी मारणाऱ्या मुली वर्गात बोलतात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागला की तुमच्याकडे (तुमच्याकडेच कशाला, सगळीकडेच) एक हेडिंग ठरलेलं असतं, यंदाही मुलींचीच बाजी. सोबत हवेत उड्या मारणाऱ्या चार मुलींचा फोटो. फोटोबद्दल तक्रार नाही, उड्या मारायलाच पाहिजेत, अभ्यास केलाय पोरींनी. पण मी २१ वर्षं गणित शिकवतेय, आणि ते हेडिंग वाचून लोक जे म्हणतात ना, की झाली की आता समानता, उलट मुलंच मागे पडली बिचारी, तिथे मला जरा बोलायचंय.

मार्क पेपरात मिळतात आणि पेपर गप्प बसून लिहायचा असतो. गप्प बसायची प्रॅक्टिस तर आम्ही मुलींना पहिलीपासून देतो.

हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये, स्वतःचंच सांगते. माझ्या वर्गात मुलगा-मुलगी असला भेद नाही असं मला अगदी छातीठोकपणे वाटायचं. मग मायरा आणि डेव्हिड सॅडकर या अमेरिकन जोडप्याच्या कामाबद्दल वाचनात आलं. त्यांची टीम वर्गात बसून शिक्षक कोणाशी किती आणि कसं बोलतात एवढंच टिपत राहायची, आणि दिसलं असं की मुलगा हात वर न करता ओरडून उत्तर देतो तेव्हा शिक्षक ते ऐकून घेतात, मुलीने तेच केलं की "आधी हात वर कर". म्हटलं तिकडचं असेल, आपल्याकडे कुठे. तरी गंमत म्हणून मागच्या बेंचवरच्या एका पोराला (तसंही त्याचं लक्ष नसायचंच) वर्गाची यादी दिली आणि सांगितलं, मी ज्याला प्रश्न विचारेन त्याच्या नावापुढे रेघ मारायची, आठवडाभर.

शनिवारी कागद हातात आला आणि मी तो घडी घालून पर्समध्येच टाकला, स्टाफरूममध्ये काढायची हिंमत झाली नाही. मुलांच्या नावांपुढे रेघांची गर्दी. मुलींमध्ये दोन-तीन हुशार सोडल्या तर कुठे एक, कुठे दोन. आणि पहिल्या बेंचवर एक मुलगी बसते, तिला खूप कमी दिसतं, तिच्यापुढे एकही नाही. आठवडाभरात एकही नाही!

ही मुलगी म्हणजे आमच्या शाळेच्या समावेशक शिक्षणाच्या (म्हणजे अपंग मुलांनाही सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकवायचं) फायलीतली टिक. पाहुणे आले की तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, मोठ्या अक्षरांची पुस्तकं दिलीत, जागा पुढची दिलीय. सगळं खरं आहे. फक्त तिला कोणी काही विचारत नव्हतं. मी का विचारत नव्हते? तर तिला उगाच त्रास नको, चुकलं तर बिचारीला वाईट वाटेल. म्हणजे दयेपोटी मी तिला वर्गातून वजाच करून टाकलं होतं आणि वर स्वतःला प्रेमळ समजत होते. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं होतं की मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं नाही, शाळेने मुलाशी जुळवून घ्यायचं. आम्ही फक्त बेंच जुळवला.

मग काय केलं, तर सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. आधी प्रश्न, मग चिठ्ठी. आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे. हे तीन सेकंदांचं माझं डोकं नाही हो, मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकातच मोजून ठेवलंय की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी पोरंही बोलायला लागतात. करून बघा, तीन सेकंदांची शांतता वर्गात अर्ध्या तासासारखी वाटते, मला तर सुरुवातीला घाम फुटायचा. पण गंमत म्हणजे याचा फायदा नुसता मुलींना झाला नाही, कोपऱ्यातली तीन-चार लाजरी मुलं, ज्यांचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, तीही उघडली. पहिल्या बेंचवरच्या मुलीने पहिलं उत्तर चुकीचं दिलं, दुसरंही चुकीचं. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, फळ्यावरचं वाचून दाखवा ना, मग सांगते." एवढी साधी गोष्ट, आणि मला कधी कळलीच नव्हती कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

कोणी म्हणेल, अफगाणिस्तानात २०२१पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळाच बंद आहे आणि तुम्ही इथे रेघा कसल्या मोजताय. बरोबर आहे, त्यापुढे माझी रडगाणी काहीच नाहीत. पण शाळेचं दार उघडं आहे म्हणून आत काय चाललंय ते बघायचंच नाही असं थोडंच आहे?

कारण आत पोरी बरंच काही शिकतात जे पुस्तकात नसतं. डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने १९८३ साली एक अभ्यास छापला, जवळपास ५ हजार मुला-मुलींना सांगितलं होतं की शास्त्रज्ञाचं चित्र काढा. बाई काढल्या फक्त २८ जणांनी आणि त्या २८ही मुलीच. नंतरच्या काळात हे प्रमाण बरंच सुधारलं, पण त्यातही सहा वर्षांच्या मुली बहुतेक बाई काढतात आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्याच बहुतेक पुरुष काढायला लागतात. मधली दहा वर्षं त्या कुठे असतात? आमच्याकडेच. पाहुण्यांना गुच्छ द्यायला मुली, बेंच उचलायला मुलं. प्रयोगशाळेत उपकरण मुलाच्या हातात आणि निरीक्षणं लिहायला मुलगी, कारण तिचं अक्षर छान. मैदानावर मधली जागा कोणाची असते ते मधल्या सुट्टीत गॅलरीत उभं राहून बघा. खरं तर १९७९च्या संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयीच्या करारात कलम १० मध्ये हे दोन्ही स्पष्ट लिहिलंय, पुस्तकातले ठराविक साच्याचे बायका-पुरुष काढून टाका आणि खेळात मुलींना सारखी संधी द्या. (टॉयलेटबद्दल लिहीत नाही, त्याची कडी लागत नसेल तर बाकी सगळ्या गप्पा फुकट आहेत हे सांगायला गणिताची बाई लागत नाही.)

तर विनंती एवढीच. पुढच्या वर्षी पुन्हा बाजीचं हेडिंग कराल, करा. पण उड्या मारून झाल्या की त्या चौघींना एक विचारा, वर्गात तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला होता आणि बाईंनी काय उत्तर दिलं. त्या काय सांगतील ते फोटोखाली छापा, आमच्यासारख्यांबद्दल वाईट असलं तरी.

आपली,
गणिताची एक शिक्षिका