दूधपण झाकलंय

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचा चेहरा मला आठवत नाही. नाव ह्यांनी सांगितलं, पण ते इथे लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल.

गेल्या उन्हाळ्यात इथे नाशिकमध्ये डिप्रेशनसाठी मला आठ वेळा ईसीटी दिली. म्हणजे भूल देऊन मेंदूला थोडा करंट देतात तो उपचार, लोक त्याला ‘शॉक’ म्हणतात. भूल उतरताना माझा गोंधळ व्हायचा. हे सांगतात, मी दर दोन मिनिटांनी एकच विचारायचे, "गॅस बंद केला का?" पहिल्या दिवशी ह्यांनी मोजलं. चौदा वेळा. आणि चौदाही वेळा तुम्ही म्हणालात, "हो ताई, बंद केलाय. दूधपण झाकलंय." नवव्या वेळी हेच वैतागले, तर तुम्ही ह्यांच्याकडे नुसतं बघितलंत म्हणे. "आत्ताच सांगितलं ना" असं एकदाही नाही.

दुधाचं मी विचारलंच नव्हतं. ते तुम्ही पदरचं घातलंत. पण गॅस बंद आहे म्हटल्यावर पुढची काळजी मांजराचीच असते, हे घर चालवणाऱ्या बाईलाच कळतं.

याआधी एका डॉक्टरांना मी विचारलं होतं, ईसीटीने आठवणी जातात का? "तुम्हाला आठवणी हव्यात की बरं व्हायचंय?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. नातेवाइकांचं वेगळंच, "करंटने मेंदू जाळतात." भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी मात्र नीट बसून सांगितलं. मेंदूला इजा झाल्याचं स्कॅनमध्ये दिसत नाही. उलट हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, उपचारानंतर थोडा मोठा झालेला आढळतो. नव्या गोष्टी काही आठवडे निसटतील, मग ते सुधारेल. पण उपचाराच्या आधीच्या काही महिन्यांतलं आणि त्या दिवसांतलं काही कायमचंही जाऊ शकतं. डोक्याच्या उजव्या बाजूनेच दिलं तर विसर कमी पडतो, म्हणून तसंच देऊ म्हणाले. तेव्हा कुठे मी सही केली.

आणि गेलंच की. भाचीचं लग्न गेलं. फोटोत मी येवल्याची पैठणी नेसून हसतेय. खरं हसत होते की फोटोपुरतं, हे आता कोणाला विचारू? दुखतं कधीकधी. पण दोन वर्षांनी सकाळी उठावंसं वाटतंय. तो सौदा मी समजून केला होता, म्हणून राग येत नाही. आधीच्या डॉक्टरांचा अजून येतो.

घरी आल्यावर पंचवटीत भाजी घेऊन पिशवी तिथेच विसरायचे. भाजीवाल्या मावशी दोनदा मागे धावत आल्या, आणि तिसऱ्यांदा पिशवी हातात देऊन वर मूठभर कोथिंबीर घातली. त्यांना ईसीटीचं काही माहीत नाही. अशी माणसं असतात, आणि आपण घरात पडून असतो तेव्हाही ती असतातच, हे मी पार विसरले होते. ते शॉकमुळे नव्हे हां, आजारानेच.

या महिन्यात तपासणीला येणार आहे. समोरून गेलात तरी मी ओळखणार नाही, राग मानू नका. तुम्हीच हाक मारा. आवाज कदाचित ओळखेन.

तुमची,
गॅसवाली ताई