चाळीस सेकंदांनंतर

प्रिय बाळा,

रविवारी तुला शास्त्रीय संगीतातला एक ख्याल पाठवला होता. तू लगेच ऐकायला घेतलास आणि लगेच बंद केलास. "चाळीस सेकंद ऐकलं आई, नाही जमलं. माझी आवड वेगळी आहे," म्हणालास. तेव्हा मी काही बोलले नाही. राग आला नव्हता, पण ते "माझी आवड" आठवडाभर मनात घोळत राहिलं. फोनवर असं काही नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

चाळीस सेकंदांत त्या गायकाचा षड्ज, म्हणजे पहिला 'सा'सुद्धा पुरता लागला नव्हता. पण माझं म्हणणं ते नाही. आवड डोळ्यांच्या रंगासारखी जन्मतः मिळते आणि मग तशीच राहते, असं तू धरून चालला आहेस. तुझ्याएवढी असताना मीही तसंच धरून चालले होते.

तुझे आजोबा रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावायचे आणि शेजारच्या खोलीत मी अभ्यासाला बसलेली असायचे. भिंतीपलीकडून विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल झिरपत यायचा आणि माझा जीव कावून जायचा. एकच ओळ किती वेळा म्हणायची, पुढे का जात नाहीत हे लोक, असं वाटायचं. त्यांनी मला एकदाही "बस, ऐक" म्हटलं नाही. मीही कधी त्या खोलीत जाऊन बसले नाही. पुढे घर सुटलं. आठ-नऊ वर्षांनी एका मैत्रिणीकडे रेडिओवर अचानक तोच आवाज लागला आणि मी बोलता बोलता थांबले. गायक वरून आळवत आळवत खाली येत होता, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडायच्या आधीच माझा हात मांडीवर पडण्यासाठी उचलला गेला होता. सम नेमकी तिथेच आली. ज्या गाण्याचा मला कंटाळा आहे असं मी सगळ्यांना सांगत आले होते, ते माझ्या हाताला पाठ होतं. त्या रात्री आजोबांना फोन करून विचारलं, ती रेकॉर्ड कोणती. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तेव्हापासून, माणसाला एखादं गाणं का आवडू लागतं, याबद्दल जे हाती येईल ते मी वाचत आले आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना निरर्थक शब्द, न कळणारी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो असं काही ना काही कमी-जास्त वेळा दाखवलं. जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं, ते लोकांना अधिक बरं वाटलं. त्यामागे दुसरं काही कारण नव्हतं, नुसती ओळख. गाण्याचंही तसंच होतं, फक्त त्यालाही मर्यादा आहे. ऐकत राहिलं की गोडी वाढते आणि एका टप्प्यानंतर उतरू लागते. माझा अनुभव असा, की जे पहिल्या फटक्यात पूर्ण कळतं त्याचा वीट लवकर येतो, आणि ज्याने सुरुवातीला त्रास दिला ते वर्षानुवर्षं पुरतं.

मला त्याहून जवळचं वाटतं ते माँट्रियलमधलं २०११ चं संशोधन. व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूत काय घडतं ते पाहिलं. अंगावर काटा येतो तो क्षण यायच्या आधी काही सेकंद मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन वाढत होतं, आणि तो क्षण आला की दुसऱ्या भागात. म्हणजे सुख त्या सुरात असतं तसंच तो सूर येण्याची वाट पाहण्यातही असतं. माझा हात मांडीवर गेला तो त्यामुळेच. आणि वाट पाहायची तर पुढे काय येऊ शकतं याचा थोडा तरी अंदाज हवा. चाळीस सेकंदांत तुला तो येणार कुठून? न आवडण्याइतकीही तुझी आणि त्या गाण्याची ओळख झाली नव्हती.

कानाची ही घडण किती खोलवर जाते पाहा. बोलिव्हियातल्या अमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना संशोधकांनी गोड मानले जाणारे आणि कर्कश मानले जाणारे असे दोन्ही स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमुक स्वर एकत्र गोड लागतात, हेसुद्धा आपण बहुतेक ऐकून ऐकूनच शिकलेले असतो.

आता तुझ्या अ‍ॅपकडे येते. "त्याला माझी आवड माझ्यापेक्षा जास्त कळते," असं तू मागे एकदा फार कौतुकाने म्हणाला होतास. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' ही यादी जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. दर सोमवारी ३० गाणी. त्या यादीतून मलाही फार सुंदर गोष्टी मिळाल्या आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवत नाही. पण ती बनते कशी ते लक्षात घे. तू जी गाणी ऐकतोस तीच ऐकणारे दुसरे हजारो लोक आणखी काय ऐकतात, हे त्यात प्रामुख्याने पाहिलं जातं, आणि त्यातलं तू न ऐकलेलं तुझ्यापुढे ठेवलं जातं. मध्येच सोडून दिलेलं गाणं हीसुद्धा त्याच्यासाठी एक खूण असते. काल तू काय केलंस एवढं त्याला ठाऊक असतं, आणि त्यावरून उद्याचा अंदाज बांधला जातो. मी भिंतीपलीकडे कावत होते त्या काळात असं अ‍ॅप असतं, तर तो आवाज त्याने माझ्यापुढे पुन्हा कधीच आणला नसता.

गाणी करणाऱ्यांवरही याचा परिणाम झालाच आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. एका अभ्यासात अमेरिकेतली लोकप्रिय गाणी तपासली, तर १९८० च्या दशकाच्या मध्यावर गाण्याआधीचं नुसतं वाद्यसंगीत सरासरी वीस सेकंदांहून जास्त चालायचं, ते २०१५ पर्यंत पाच सेकंदांवर आलं. साधनाप्रमाणे गाणं बदलणं हे काही आजचं नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, तर तासभर रंगणारा ख्यालही तेवढ्यात बसवावा लागला, आणि त्या गायकांनी तो काय ताकदीने बसवला! पण तीन मिनिटांत पूर्ण मांडून दाखवणं वेगळं आणि श्रोता पाच सेकंदांत निघून जाईल या धाकाने धावत सुटणं वेगळं. तुझा कान त्या धाकाच्या वेगाला सरावला आहे. दोष तुझा नाही, पण हे तुला माहीत असावं एवढंच मला वाटतं.

आणि "सगळे ऐकतात ते चांगलंच असणार" या समजाबद्दल. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४,३४१ लोकांपुढे अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट होते, आणि त्यांना आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडाही दिसत होता. गाणी सगळीकडे तीच, तरी प्रत्येक गटातली लोकप्रिय गाणी वेगळी निघाली. एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं! फार चांगली गाणी अगदी तळाला क्वचित गेली, फार वाईट क्वचित वर आली, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. २००६ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेव्हा एखाद्या गाण्याखालचा मोठा आकडा पाहून "यात काहीतरी असणार" असं वाटलं, तर जरूर ऐक. पण लहान आकडा पाहून पुढे जाऊ नकोस.

एक गोष्ट मात्र वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रमहान्सल यांनी विशीतल्या मुलामुलींना १९५५ पासून २००९ पर्यंतच्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. स्वतःच्या वाढत्या वयातली गाणी त्यांना जवळची वाटणारच. पण आई-वडील तरुण होते त्या काळातली गाणीही त्यांना ओळखीची वाटत होती, आवडतही होती, आणि त्याहून आधीच्या, १९६० च्या दशकातल्या गाण्यांशीही नातं दिसलं. २०१३ चा हा अभ्यास आहे. भिंतीपलीकडून येणारं कानात साठतच असतं, बाळा. मी स्वयंपाकघरात काय लावते ते तू ऐकत नव्हतास असं तुला वाटतं, इतकंच.

आता माझी बाजू. तुला ऐक म्हणायचं आणि तुझं आपण ऐकायचं नाही, हे बरोबर नव्हे. म्हणून गेल्या महिन्यात तुझी यादी ऐकायला घेतली. पहिलंच नाव मेशुगा, स्वीडनचा बँड. पहिल्यांदा मला तो नुसता गदारोळ वाटला. दुसऱ्यांदाही. चौथ्या वेळी चालायला जाताना हेडफोन लावले आणि ढोलांच्या त्या गर्दीत एक झांज सापडली. ती अगदी शांतपणे चार-चार मोजत होती. तिच्याखाली गिटार आणि पायाचा ड्रम मिळून एक लांब, विषम मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते. तो प्रत्येक वेळी त्या चारच्या चौकटीत थोडा पुढे सरकत होता, आणि बऱ्याच आवर्तनांनी सगळे एकदम पहिल्या मात्रेवर येऊन आदळले. मी रस्त्यात उभी राहिले. तिहाई, म्हणजे समेवर येण्यासाठी तीनदा वाजवलेला तोच तुकडा, सुटल्यावर समेची वाट पाहावी तशी मी त्या जागेची वाट पाहत होते! तबल्याचा हिशोब तुझ्या आजोबांच्या भिंतीतून माझ्या कानात आला नसता, तर मला तुझ्या गाण्यात शिरायला वाटच सापडली नसती. त्यांचं ते घशातून ओरडणं मला अजून सोसत नाही, हे खरं सांगते. पण ते बंद करून टाकावंसंही आता वाटत नाही.

मग मी नावांच्या मागे लागले. नवीन संगीत शोधायचा माझा सगळ्यात आवडता मार्ग तोच आहे. आपल्याला आवडतो तो वादक कोणाचं ऐकून वाढला हे पाहायचं, आणि मग त्याच्या दाराशी जायचं. मेशुगाचा गिटारवादक फ्रेड्रिक थोर्डेन्डाल याच्यावर अ‍ॅलन होल्ड्सवर्थ या इंग्लिश गिटारवादकाची मोठी छाप आहे. होल्ड्सवर्थ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला फार मानायचा. आणि कोल्ट्रेनला रविशंकरांच्या वादनाची इतकी ओढ, की १९६५ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव त्याने रवी ठेवलं. हा रवी कोल्ट्रेनही पुढे सॅक्सोफोनवादकच झाला. तुझ्या त्या गदारोळापासून सतारीपर्यंत तीन पावलं आहेत, आणि त्यातलं एकही मी ओढूनताणून आणलेलं नाही.

म्हणून ख्याल सध्या राहू दे. आज होल्ड्सवर्थ पाठवते आहे, कोल्ट्रेन पुढच्या रविवारी. एका वेळी एकच, आणि ऐकताना हातात दुसरं काही नको. नाही आवडलं तर दोन-चार दिवसांनी आणखी एकदा ऐक. तरीही नाही आवडलं तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही, पण कोणत्या जागी खटकलं तेही सांग.

आणि मला तुझी मदत हवी आहे. तुझ्या यादीतल्या चौथ्या गाण्यात मधे जिथे सगळं थांबतं आणि नुसता ड्रम उरतो, तिथे तो तुकडा किती मात्रांचा आहे? मी तीनदा मोजला. दोनदा तेवीस आले आणि एकदा पंचवीस.

तुझी,
आई