स्ट्रॉम्बोलीहून निघताना

लिपारी, १८ जून

चि. ओंकार यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू पुन्हा पुन्हा ज्वालामुखीचंच विचारत होतास आणि रेंज मधेच गेली, म्हणून सविस्तर लिहितोय. स्ट्रॉम्बोलीला, म्हणजे इटलीजवळच्या त्या ज्वालामुखीच्या बेटावर, आम्ही रात्र काढली नाही हे खरं. पण निघालो ते वाऱ्यापायी, डोंगरापायी नाही.

हे बेट मी लांबून कितीदा तरी बघितलेलं. सुकाणी असताना मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून वर निघालो की रात्रपाळीला दिसायचं. दहा-वीस मिनिटांनी अंधारात लाल उजेड उठायचा आणि विझायचा. दोन हजार वर्षांहून जास्त काळ त्याचं हे चाललंय. पण मालवाहू जहाज तिथे कशाला थांबतंय! आमच्या जुन्या कॅप्टनसाहेबांनी आपल्या शिडाच्या बोटीवर बोलावलं, तेव्हा कुठे जवळ जाणं झालं.

बंदर म्हणावं असं काही नाही. गावाच्या स्कारी नावाच्या किनाऱ्याला एक धक्का आहे, तो फेरीबोटींचा. आपण उघड्यावर नांगर टाकायचा. डोंगर पाण्यावर ९२४ मीटर दिसतो, पण पाण्याखाली त्याहून कितीतरी खोल गेलाय. त्यामुळे नांगर धरेल अशी काळ्या वाळूची पट्टी किनाऱ्यालगत जेमतेम, पुढे उतारच उतार. मी नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला होतो. साखळी सोडली, कॅप्टननी इंजिन मागे घेतलं आणि मी साखळीवर हात ठेवला. नांगर धरला असेल तर साखळी ताठ होऊन गप्प राहते, घसरत असेल तर तळहाताला खडखड जाणवते. पहिल्यांदा खडखडली. उचलून परत टाकला तेव्हा बसला.

दोघं बोटीवर थांबले, आम्ही बाकीचे डिंगीतून उतरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की सामान न्यायला पियाजिओची तीनचाकी. तीच रे, आपल्याकडे बारामतीत बनते आणि बाजारात मासे घेऊन येते ती! पांढरी घरं, अंगणात लिंबं, आणि बरीच दारं बंद. इथली माणसं गेल्या शतकात ऑस्ट्रेलियाला गेली. १९३० च्या मोठ्या उद्रेकानंतर तर आणखीच. कुटुंबं उन्हाळ्यात येतात, घर उघडतात, परत जातात. आपल्या चाकरमान्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दुकानातल्या बाईंना मी विचारलं, भीती नाही वाटत? कॅप्टननी त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या हसल्या, दारात येऊन समुद्राकडे बघितलं आणि उलट विचारलं, उद्याची बोट येईल का हो? भाजी, औषधं, गॅस, सगळं त्या बोटीवर. बेटाच्या पलीकडे जिनोस्त्रा म्हणून वस्ती आहे, तिथे तर गाडीरस्ता पोचतच नाही, समुद्र खवळला की दिवसचे दिवस संपर्क तुटतो.

डोंगराला ते हलकं घेतात असं मात्र समजू नकोस. ३० डिसेंबर २००२ ला उताराचा मोठा तुकडा समुद्रात कोसळला आणि गावावर लाटा आल्या. हिवाळा होता, किनाऱ्यावर गर्दी नव्हती, म्हणून जीव वाचले. जुलै २०१९ च्या स्फोटात एक गिर्यारोहक गेला. आता भोंगे बसवलेत, आणि लाट आली तर कुठल्या गल्लीने वर पळायचं त्याच्या पाट्या आहेत. पाट्या वाचून आम्ही दोन वाटा बघून ठेवल्या. तेवढं पुरे.

संध्याकाळी वारा वायव्येला फिरायला लागला. स्कारीला त्या बाजूची लाट वळसा घालून आत येते. आमच्यातल्या तरण्या पोरांना गावात जेवून रात्री डोंगर बघायचा होता. कॅप्टननी एकदा लाटेकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि नांगर उचलायला सांगितला. पोरं हिरमुसली. मला विचारशील तर अर्धा तास आधीच निघायला हवं होतं.

मग उत्तरेकडून, तापलेले धोंडे समुद्रात गडगडतात त्या ‘शारा देल फुओको’च्या उतारापासून चांगलं अंतर राखून वळसा घातला. तिथे मात्र सगळे गप्प बसले. आधी उजेड, मग काही क्षणांनी धडाम, मग लालभडक धोंडे गडगडत खाली. शिडं कमी केलेली, बोट हेलकावत होती, आणि मी सुकाणावर, त्यामुळे निम्मं बघितलंच नाही.

आईला घसरलेल्या नांगराचं सांगू नकोस. आणि एक काम कर. तिकडच्या घरांना सपाट छपरं असतात, पावसाचं पाणी खालच्या हौदात घेतात, तरी उन्हाळ्यात जहाजाने पाणी आणावंच लागतं. आपल्याकडे एवढा पाऊस, आणि मे महिन्यात आपण टँकरला पैसे मोजतो. मागच्या पडवीच्या पन्हळीखाली हौद बांधायला किती येईल, ते गवंड्याला विचारून ठेव. गणपतीच्या आधी मी येतोच.

तुझा,
बाबा