अंतिम सामन्यात घड्याळ आणि रडार न दिसलेल्या दोन जागांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : अंतिम दिवसाच्या दोन तिकिटांचा पूर्ण परतावा मिळण्याबाबत (दुसरे पत्र)

महोदय / महोदया,

आपण भरवलेल्या काउंटर-स्ट्राइक २ या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम दिवसाची दोन तिकिटं मी घेतली होती. एक माझं, एक माझ्या १४ वर्षांच्या मुलीचं. जागा वरच्या मजल्यावरच्या होत्या आणि तिकीट काढताना त्या ‘अडथळाविरहित दृश्य’ या गटात दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात आमच्या आणि मुख्य पडद्याच्या मध्ये दिव्यांचा लोखंडी सांगाडा टांगलेला होता आणि त्याने पडद्याची वरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली होती. मी तक्रार केली. १९ दिवसांनी आपलं उत्तर आलं : “आपल्या आसनावरून पडद्याचा बहुतांश भाग दिसत होता, त्यामुळे परतावा देता येणार नाही.”

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. कारण मापाने पाहिलं तर ते खरं आहे. पडद्याचा जवळजवळ पाऊण भाग आम्हाला दिसत होता. पण जो पाव भाग झाकला गेला, सामना त्यातच असतो.

आपल्या प्रक्षेपणाच्या मांडणीत वर डावीकडे रडार (खेळाडू कुठे आहेत ते दाखवणारा छोटा नकाशा), वर मधोमध गुण आणि घड्याळ, वर उजवीकडे कोणी कोणाला मारलं त्याची यादी होती. या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात; एक बॉम्ब लावतो, दुसरा तो निकामी म्हणजे डिफ्यूज करतो. बॉम्ब लावला की घड्याळाच्या जागी त्याची खूण येते, आणि डिफ्यूजची पट्टीही त्याच्याच खाली उमटते. हे सगळं सांगाड्यामागे होतं. उरलं काय? एका खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारी बंदूक आणि समोरची भिंत. मैदानावर दहा खेळाडू असतात आणि ऑब्झर्वर, म्हणजे पडद्यावर कोणता खेळाडू दाखवायचा ते ठरवणारा, एका वेळी एकाच्याच नजरेतून दाखवू शकतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, कोण कुठून कुठे निघालं आहे, हे रडारवरच कळतं. फुटबॉल पाहणाऱ्याला अख्खं मैदान एका नजरेत दिसतं. इथे ते काम रडार करतं. ते गेलं की समोर नुसता गोळीबार राहतो आणि तो का होतो आहे ते समजत नाही.

आपल्या उत्तरात पुढे असंही आहे की भिंतीपलीकडच्या खेळाडूंच्या आकृत्या पडद्यावर दिसत असल्याने ‘सामना समजण्यास अडचण नव्हती’. या आकृत्या ज्याच्या नजरेतून आपण पाहतो त्याच्या समोर जे असतील त्यांच्याच दिसतात. त्याच्या पाठीमागून येणारा दिसत नाही. आणि या खेळात निम्मे राउंड (सामन्यातले छोटे डाव) पाठीमागून येणाऱ्यावरच फिरतात. हे आपल्या ऑब्झर्वरना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांचं काम त्या दिवशी उत्तम होतं, हेही मी मनापासून नोंदवते. प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी ते योग्य खेळाडूवर होते. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

याच खेळाची आधीची आवृत्ती ग्लोबल ऑफेन्सिव्ह २०१२ मध्ये आली तेव्हापासून मी हा खेळ पाहत आले आहे. जानेवारी २०१८ चा बॉस्टनचा अंतिम सामना मी रात्र जागून पाहिला होता. क्लाउड९ आणि फेझ हे संघ, तिसरा मॅप (म्हणजे खेळातलं मैदान) इन्फर्नो, दोनदा जादा वेळ आणि शेवटी २२-१९. तो सामना घरच्या छोट्या पडद्यावर पाहिला, पण त्यातला सेकंदन् सेकंद मला कळत होता, कारण घड्याळ आणि रडार डोळ्यांसमोर होते. त्या दिवशी आपल्या भव्य पडद्यासमोर बसून मला त्याच्या निम्मंही कळलं नाही.

मग घरीच का नाही पाहिलं, असं कोणी विचारेल. प्रक्षेपण फुकट असतं हे खरं आहे. तिकीट काढलं ते सभागृहासाठी. २०२० मध्ये महासाथीमुळे पोलंडमधल्या कातोवित्सेच्या स्पोडेक सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर अंतिम सामना झाला होता. नावी संघाने जी२ संघाला ३-० ने हरवलं आणि करंडक उचलला तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. तो दिवस पाहिल्यापासून माझ्या मनात होतं की एकदा तरी हजारो लोकांबरोबर बसून पाहायचं, आणि मुलीला दाखवायचं. तो अनुभव आम्हाला मिळाला, पण कसा, ते सांगते.

न्यूक या मॅपवरचा शेवटचा टप्पा आठवून पाहा. न्यूकवर बॉम्बच्या दोन जागा एकमेकींच्या डोक्यावर आहेत, ए वर आणि बी खाली. म्हणूनच रडारवर दोन्ही मजले वेगवेगळे दाखवावे लागतात. बॉम्ब खाली लागला. बचाव करणाऱ्या संघाचा एकच खेळाडू उरला, समोर दोन. तो व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) खाली उतरला, स्मोक (धुराचा गोळा) टाकला आणि बॉम्बवर बसला. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांनी फुटतो. डिफ्यूज करायला किट (त्यासाठीचं साधन) असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. म्हणजे किट असलेल्याने ३५व्या सेकंदाच्या आत हात लावलाच पाहिजे. त्याच्याकडे किट होतं, ते खालच्या पट्टीत दिसत होतं. पण घड्याळ किती झालं होतं? ते दोघे त्याच्याकडे येत होते की वरच्या मजल्यावर अडकले होते? तो खरोखर डिफ्यूज करत होता की नुसता आवाज देऊन त्यांना स्मोककडे ओढत होता?

सगळं सभागृह उभं राहिलं. खालचे लोक ओरडत होते, काहींनी डोकं धरलं होतं. माझी मुलगी उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, वेळ आहे का?” मी म्हणाले, “माहीत नाही गं.” तेवढ्यात जल्लोष झाला आणि लोकांच्या आरोळ्यांवरून आम्हाला कळलं की डिफ्यूज झालं. सगळ्यात मोठ्या क्षणाचा निकाल आम्ही शेजारच्यांच्या तोंडाकडे बघून ओळखला.

मुलगी तिच्या शाळेच्या संघात कॉल देते, म्हणजे कधी चढायचं, कधी थांबायचं, कोणी कुठे सरकायचं हे राउंड चालू असताना तीच सांगते. त्यासाठी ती एक वही घेऊन आली होती. घरून तीन रकाने आखून आणले होते : पैसे (खेळातले, बंदुका घ्यायचे), प्लांटची म्हणजे बॉम्ब लावल्याची वेळ, रोटेट (एका जागेकडून दुसरीकडे सरकणं) कोणी आणि कधी केलं. पैशांचा रकाना तिने मन लावून भरला, कारण खेळाडूंच्या पैशांचे आकडे पडद्याच्या खालच्या बाजूला होते. कोणाकडे ४७५० डॉलर आहेत म्हणजे तो एडब्ल्यूपी ही महागडी स्नायपर बंदूक घेऊ शकेल, कोणी सलग हरून, हरणाऱ्याला मिळणाऱ्या ३४०० च्या बोनसपर्यंत पोचला आहे, हे सगळं तिने टिपलं. दुसरा आणि तिसरा रकाना पहिल्या चार राउंडना प्रश्नचिन्हांचा आहे. पाचव्यापासून कोरा. अकराव्या राउंडला तिने वही मिटून पिशवीत ठेवली. मी काही बोलले नाही.

पहिला मॅप संपताच मी आपल्या स्वयंसेवकाकडे गेले होते. तो सभ्य होता, माझ्या जागेवर स्वतः येऊन बसला आणि म्हणाला, “हो, खरंच दिसत नाही.” त्याला जागा बदलून देण्याचा अधिकार नव्हता. मदत कक्षावर २५ मिनिटं रांगेत उभी राहिले, त्यात दुसऱ्या मॅपची सुरुवात गेली. खालच्या गटात सलग सहा खुर्च्या रिकाम्या होत्या, मी त्या बोटाने दाखवल्या. उत्तर मिळालं की त्या विकल्या गेल्या आहेत, त्यांचे मालक येऊ शकतात. शेवटपर्यंत तिथे कोणी बसलं नाही.

एक गोष्ट मला समजून घ्यायची आहे. तिकीटविक्रीच्या नकाशावर व्यासपीठ आहे, पडदा आहे, खेळाडूंची टेबलं आहेत, पण हा सांगाडा कुठेच नाही. तो नंतर ठरला असेल तर ते मी समजू शकते, एवढा मोठा कार्यक्रम उभा करताना आखणी बदलते. पण दिवे टांगल्यावर वरच्या मजल्यावर जाऊन एकदा तरी कोणी खुर्चीत बसून पाहिलं का? पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं आणि त्या जागा बंद करून आम्हाला आधी कळवता आलं असतं. आमच्या रांगेत आम्ही दोघीच नव्हतो. माझ्या डावीकडचा माणूस दुसऱ्या मॅपपासून फोनवर आपलंच प्रक्षेपण लावून बसला होता आणि ते सभागृहाच्या मागे चालत असल्याने प्रत्येक राउंडचा निकाल त्याला आधीच माहीत असायचा.

आपण भरपाई म्हणून पुढच्या स्पर्धेच्या तिकिटावर सवलत देऊ केली आहे. ती मला नको. जे विकत घेतलं ते मिळालं नाही, त्याबद्दल पुन्हा काही विकत घ्यायला सांगणं ही भरपाई होत नाही. मला दोन्ही तिकिटांची संपूर्ण रक्कम परत हवी आहे, आणि त्या रांगांमधल्या बाकीच्यांनाही त्यांनी तक्रार केली असो वा नसो आपण होऊन ती द्यावी. पुढच्या वेळी पडद्याची वरची पट्टी जिथून झाकली जाते त्या जागा एकतर विकू नका, नाहीतर तसं स्पष्ट लिहून कमी दरात विका. आणि वरच्या मजल्यासमोर एक छोटा पडदा लावून त्यावर फक्त घड्याळ, गुण आणि रडार दाखवलं तरी पुष्कळ होईल. हे दाखवायला वेगळं चित्रीकरण लागत नाही, ही माहिती आपल्याकडे तयारच असते.

या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं, आणि ते सामना पाहणाऱ्या, खेळ कळणाऱ्या माणसाने लिहिलेलं असावं. तसं न झाल्यास मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाईन आणि हीच कागदपत्रं तिथे देईन.

माझ्या खुर्चीवरून काढलेली तीन छायाचित्रं सोबत जोडली आहेत. तिसऱ्यात न्यूकवरचा तो डिफ्यूज चालू आहे, सांगाड्याखाली फक्त धूर आणि खेळाडूचे हात दिसतात. वहीच्या दोन पानांची प्रतही मुलीला विचारून जोडली आहे. त्यातला दुसरा आणि तिसरा रकाना पाहावा.

आपली,
एक तिकीटधारक

सोबत : तिकिटांच्या प्रती, छायाचित्रं, वहीची पानं, आपल्या उत्तराची प्रत